जालिंदरचं बरोबर निघालेलं तिकीट

एका गावात एक भोळा भाचा होता. भाचे सगळ्याच गावांत असतात आणि भोळ्यांनाही कुठं तोटा नसतो. पण हा दोन्ही एकदमच होता, म्हणून त्याची गोष्ट झाली. त्याचं नाव जालिंदर.

गाव माणदेशाच्या कडेचं, चिंचाळवाडी. पाऊस या गावाला जावयासारखा, आला तर आला. म्हणून गावातली माणसं फार पूर्वीच बाहेर पडली आणि गलाई शिकली. गलाई म्हणजे सोनारांचं जुनंपानं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. आता चिंचाळवाडीतलं कुठलंही घर घ्या, त्यातला एक माणूस अमृतसरला, कोचीला नाहीतर कटकला भट्टीपुढं बसलेला असतो. जत्रा आली, लग्न निघालं, की ही मंडळी विमानानं येतात. गावात धड डांबरी रस्ता नाही, पण विमानाच्या तिकिटांचं दुकान आहे. ते जालिंदरच्या मामाचं.

मामाला एकच मुलगी, शालन. आपल्याकडं मामाची मुलगी भाच्याला द्यायची पद्धत. शालन पाळण्यात असतानाच जालिंदरच्या आईनं तिला मागून ठेवली होती आणि मामानं मान हलवली होती. मान हलवताना भाचा पुढं कसा निघेल हे कुणाला ठाऊक असतं?

शालनचं मात्र जालिंदरवर मन होतं. लहानपणी एकदा ती त्याला चिंचेखाली म्हणाली, "हितंच थांब, मी आले." आणि विसरून मावशीच्या गावाला गेली. परत आली तेव्हा जालिंदर चिंचेखालीच होता. घरच्यांनी त्याचं जेवण आणि वाकळ तिथंच नेऊन दिली होती. त्या दिवशी शालननं ठरवून टाकलं. ती आईला म्हणायची, "ज्यांचे नवरे ऐकत न्हाईत त्या बायका रडत बसत्यात. ह्यो तर सांगेल ते ऐकतो."

आई म्हणायची, "तेच तर रडायचं कारण हाय बाई."

मामानं जालिंदरला दुकानात घेतलं आणि अट घातली. "एक तिकीट. फकस्त एक तिकीट बरोबर निघू दे. शालन तुझी. न्हाईतर कटकच्या आप्पांच्या उद्धवचं स्थळ आलंय. फोन लावतो त्यास्नी."

"समजलं मामा," जालिंदर म्हणाला. "गिऱ्हाईकाला काय म्हणायचं?"

"तू काय म्हणू नगो. गिऱ्हाईक सांगंल तसं करायचं."

पहिलं गिऱ्हाईक आलं बाजीराव. त्याची भट्टी अमृतसरला. घाईत होता. म्हणाला, "कुठनंबी ने बाबा, पण अमृतसरला पोचीव."

जालिंदरनं भिंतीवरचा नकाशा बघितला. गिऱ्हाईक सांगेल तसं करायचं होतं आणि गिऱ्हाईकानं सांगितलं होतं कुठनंबी. मग एखादं गाव सोडून कसं चालेल? त्यानं बाजीरावाला पुण्यातून चेन्नईला नेलं, चेन्नईतून कोलकात्याला, तिथून परत नागपूरला, नागपूरहून दिल्लीला, आणि मग अमृतसर. नकाशावर पेन्सिलीनं रेघ ओढून बघितली तर छान रांगोळी झाली होती.

कोलकात्यातून बाजीरावाचा फोन आला. "मामा, अमृतसर हेच का ओ? हितं समदी मासं खात्यात."

पुढची विमानं सोडून तो तिथून रेल्वेनं गेला. जन्मात पुन्हा विमानात बसणार नाही म्हणाला. मामानं जालिंदरला नकाशापुढं उभं केलं.

"लेका, विमानाचं भाडं दोन टोकांचं असतंय. मधला रस्ता आपल्या मनाचा नसतो, त्याला कंपनीचं नियम हायत. निघालेला माणूस पुढं पुढं गेला पायजे. मागं फिरवायचा न्हाई."

"समजलं मामा."

"काय समजलं?"

"माणूस मागं फिरवायचा न्हाई."

मामाचा हात फोनकडं गेला. शालन चहा घेऊन आली होती. म्हणाली, "बाबा, आजून एकदा." मामानं फोनकडचा हात कपाकडं वळवला.

मग आल्या लोचनावहिनी. त्यांचे मालक वामनराव कोचीला भट्टी चालवायचे आणि सध्या घरी आले होते. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यांचं कोचीचं जाऊन-येऊन तिकीट पायजे."

"जाऊन देतो," जालिंदर म्हणाला. "येऊन न्हाई मिळायचं."

"म्हंजे?"

"निघालेला माणूस मागं फिरत नसतोय वहिनी. एकदा गेला की गेला."

वहिनींच्या हातातली पिशवी गळून पडली. "आवं, पर ते घरात जेवायला बसल्यात."

"बसू द्या," जालिंदर मायेनं म्हणाला. "पोटभर जेवू द्या त्यास्नी."

वहिनी रस्ताभर हंबरडा फोडत घरी गेल्या. आळीतल्या बायका त्यांच्या गळ्यात पडल्या. कुणीतरी पाणी तापवायला ठेवलं, कुणी पाहुण्यांना निरोप धाडला. वामनराव हातात भाकरी घेऊन बघत राहिले. कोण गेलं हे त्यांना कळेना, पण सगळेच रडतायत म्हणजे जवळचंच कुणीतरी असणार, म्हणून तेही रडायला लागले.

मामा तिथून घामाघूम होऊन परत आला. "लेका, परतीचं तिकीट म्हणून काय असतंय का न्हाई? त्यात माणूस जिथनं निघाला तिथंच परत येऊन पोचला पायजे."

"समजलं मामा."

"काय समजलं?"

"जिथनं निघाला तिथंच पोचवायचा."

मामाचा हात फोनकडं गेला. शालन दारातूनच म्हणाली, "बाबा, आजून एकदा."

आता मामानं सावधपणा केला. पारूआक्काला कोईमतूरला जायचं होतं. तिच्या मुलाला मुलगी झाली होती आणि आक्कानं डबाभर डिंकाचे लाडू केले होते. पुण्याहून चेन्नई, चेन्नईहून कोईमतूर, असं तिकीट मामानं स्वतःच्या हातानं काढलं. जालिंदरनं तिला फक्त जीपनं पुण्याच्या विमानतळावर न्यायचं होतं. जीप तो झकास चालवायचा. त्या बाबतीत त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं, म्हणून असेल.

आक्का गाडीत बसली ती घाट लागायच्या आत झोपली. पुणं आलं. विमानतळाचा दरवाजा दिसला. आक्काला उठवणार तेवढ्यात जालिंदरला मामाचं बोलणं आठवलं. आक्का निघाली होती चिंचाळवाडीतून. बरं झालं वेळेवर ध्यानात आलं, असं म्हणून त्यानं जीप वळवली.

दिवस कलताना आक्का जागी झाली. "आलं व्हय रं कोईमतूर?"

"पोचलीस आक्का. उतर."

आक्कानं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "आपल्या गावावाणीच हाय की. म्हसोबाबी तसाच बसलाय." ती डबा घेऊन समोरच्या घरात शिरली. घर तिचंच होतं. तिनं सगळीकडं पाळणा शोधला, सुनेला हाका मारल्या, चूल बघितली, माजघर बघितलं. मग बाहेर येऊन शेजारणीला म्हणाली, "सून लई गबाळी निघाली बया. घर कसं ठिवलंय बघ."

तिकडं कोईमतूरला मुलगा विमानतळावर उभा. मामानं तिकिटाची चौकशी केली तर सगळंच गेलं होतं. मामा जालिंदरला म्हणाला, "चेन्नईचं विमान चुकलं म्हणून कंपनीनं कोईमतूरचंबी काढून टाकलं. तिचा नियमच हाय. पयला टप्पा चुकला की पुढचं समदं रद्द."

"समजलं मामा."

"काय समजलं?"

"पयला टप्पा चुकला की पुढचं समदं रद्द."

या वेळी मामानं फोन उचलून कानाला लावला होता. शालननं तो काढून घेतला आणि जागेवर ठेवला. "बाबा, आजून एकदा." मामा म्हणाला, "अगं, हा एकदा कवा संपायचा?" पण एकुलत्या एका मुलीपुढं बापाचं किती चालणार?

तोवर जत्रा आली. मामानं दुकान बंद ठेवलं. जत्रेत तिकीट नाही, विमान नाही, म्हणून त्याला जरा बरं वाटत होतं. जालिंदरला त्यानं काम दिलं ते अगदी साधं. पालखीच्या पुढं पळायचं आणि घरोघर सांगायचं, पालखी येतेय, आरती तयार ठेवा.

पालखीचा पहिला मान पाटलांच्या दाराचा. पण पाटलांची सून त्याच सकाळी बाळंत झाली होती. घरात सोयर, म्हणून पालखी त्या दारावरून न थांबता पुढं निघाली. जालिंदर जागच्या जागी उभा राहिला. पहिला टप्पा चुकला होता. तो जीव घेऊन पुढं पळाला.

"पालखी रद्द," त्यानं पहिल्या घरात सांगितलं. "पुढचं समदं रद्द."

"कुणी सांगितलं?"

"नियमच हाय."

नियम म्हटल्यावर आपली माणसं फार विचारत नाहीत. बायकांनी निरांजनं विझवली, नैवेद्याच्या पुरणपोळ्या मुलांना वाटून टाकल्या आणि दारांना कुलपं लावून त्या जत्रेत गेल्या. मागून पालखी आली तर सगळी आळी बंद. ढोलवाले वाजवतायत, गुरव घंटा बडवतोय आणि देव कुलपांचं दर्शन घेत चाललाय.

खरं काय ते कळल्यावर लोक पळत आले. पालखी पुन्हा फिरवा म्हणाले. गुरव ऐकेना. "देव एकदा गेलेल्या वाटंनं दुसऱ्यांदा जात न्हाई."

मामाचं डोकं फिरलं होतं, पण धंदा अंगात भिनलेला. त्याच्या तोंडून निघून गेलं, "बघ लेका, देवालाबी कळतंय. विमानाच्या रस्त्याचंबी तसंच असतंय. एकदा सोडलेल्या गावात परत शिरायचं न्हाई."

"समजलं मामा," जालिंदर म्हणाला.

काय समजलं, हे मामानं या वेळी विचारलं नाही. त्यानं सरळ कटकला फोन लावला. शालन "बाबा" म्हणेपर्यंत साखरपुड्याची तारीखसुद्धा ठरली. त्या दिवशी जालिंदरला भाकरी गोड लागली नाही. शालन दुसऱ्याची होणार, हे त्याला कुणी न शिकवता समजलं.

साखरपुड्यासाठी आप्पा, त्यांची बायको आणि उद्धव विमानानं येणार होते. भुवनेश्वरहून हैदराबाद, हैदराबादहून पुणं. तिकिटं मामानं काढली आणि पुन्हा पुन्हा तपासली. गावात मांडव पडला. बुंदीचं जेवण रटरटायला लागलं. आणि जीपच्या ड्रायव्हरची नेमकी त्याच दिवशी कंबर धरली.

मामानं जालिंदरला बोलावलं. नाइलाज होता. "विमानतळावरनं पाव्हणं घ्यायचं आणि हितं आणायचं. आणि हे बघ, आजपातुर जे जे शिकवलं त्यातलं एक अक्षर इसरू नगो." हे शेवटचं वाक्य मामानं बोलायला नको होतं.

जालिंदर पहाटे निघाला. मनात शालन होती, तरी गाडी नीट चालवली. पाहुणे वेळेवर उतरले, त्यानं हसून नमस्कार केला, सामान उचललं. जाताना तो कराडवरून गेला होता, म्हणून येताना फलटण आणि दहिवडीवरून आला. आप्पांना वाटलं, मुलगा हौसेनं मुलूख दाखवतोय. दुपारच्या भर उन्हात चिंचाळवाडीची शीव आली. पलीकडं मांडव दिसत होता, सनई ऐकू येत होती.

जालिंदरनं करकचून ब्रेक दाबला.

चिंचाळवाडी तर त्यानं पहाटेच सोडली होती. सोडलेल्या गावात परत शिरायचं नाही. पण जिथनं निघाला तिथंच येऊन पोचायचं, हेही मामानंच सांगितलं होतं. बरं, पाहुण्यांना पुण्याला परत नेऊन सोडावं, तर माणूस मागं फिरवायचा नाही. जालिंदरनं खूप विचार केला. मग त्यानं जीपची पुढची चाकं शिवेच्या आत घेतली, मागची चाकं बाहेर ठेवली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं रं?" आप्पांनी विचारलं.

"अडकलोय आप्पा."

"चिखल न्हाई, खड्डा न्हाई. कशात अडकलास?"

"नियमात."

आप्पा सोन्यातले माणूस, धीराचे. "उतरून ढकलतो आम्ही."

"कुठं ढकलाल? पुढंबी नियम हाय, मागंबी नियम हाय."

पाहुणे उन्हात शिजत बसले. आप्पांच्या बायकोनं पदरानं वारा घेतला, उद्धवच्या नव्या कोटाला घामाचे डाग पडले. शेवटी आप्पा म्हणाले, "मांडव तर ह्यो दिसतोय. आम्ही जातो चालत."

"तसं कसं जाल?" जालिंदर कळवळून म्हणाला. "जीपचा टप्पा पुरा झाला न्हाई. एक टप्पा चुकला की पुढचं समदं रद्द."

"साखरपुडाबी?"

"समदं."

आप्पांचा चेहरा तांबडा झाला. "आसं व्हय? पोरगी द्यायची न्हवती तर सरळ सांगायचं. शिवंवर बसवून कशाला सांगताय?" तेवढ्यात गावातून एसटी बाहेर पडली. आप्पांनी हात केला. सामान चढलं, बायको चढली, नवरदेव चढला आणि एसटी निघून गेली.

धुरळा बसला तेव्हा मामा धापा टाकत शिवेवर पोचला होता. त्यानं रिकामी जीप बघितली आणि शिवेच्या दगडावर बसकण मारली. मांडवात सगळं गाव जेवायला बसायचं होतं. पाच गावांचे सोयरे आले होते. आता लोकांना तोंड कसं दाखवायचं?

मागून शालन आली. हिरवा शालू, केसांत गजरा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बापाशेजारी बसली. "बाबा, मांडव हाय. जेवण हाय. भटजी हायत. नवरी बी हाय. हल्ली लोक साखरपुड्यातच लगीन उरकत्यात."

"आणि नवरा?"

शालननं जीपकडं बोट केलं. आत जालिंदर स्टिअरिंग धरून, पुढच्या नियमाची वाट बघत बसला होता.

मामानं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग मुलीकडं बघितलं. मुलगी हसत होती. मामानं सुस्कारा सोडला. "ऊठ लेका. मांडवात चल. शालन दिली तुला."

जालिंदरला एवढा आनंद झाला की त्याला उतरताना दार सापडेना. पण उतरला तो शिवेवरच थांबला. "मामा, पर माझं एकबी तिकीट बरोबर निघालं न्हाई की."

"त्याचं मागनं बघू. आत चल."

"आत न्हाई येता येत. सोडलेलं गाव हाय."

मामाच्या अंगात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. मांडवाचे खांब उपटले, बुंदीची पातेली चौघांनी उचलली, सनईवाले वाजवत वाजवतच चालू लागले. जालिंदर गावात येईना, म्हणून गाव बाहेर गेलं.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. शालनच्या शालूची आणि जालिंदरच्या उपरण्याची गाठ मारली. होम पेटला. भटजी म्हणाले, "आता सात फेरे. ते पुरे झाले की लग्न पुरं झालं."

जालिंदर पुढं, शालन मागं. पहिला फेरा झोकात झाला. पाटापाशी आल्यावर जालिंदर थांबला.

"चला, अजून सहा," भटजी म्हणाले.

"हितनं आताच गेलो न्हवं का? तिथनंच परत कसं जायचं?"

लोक मामाकडं बघायला लागले. भटजी मामाकडं बघायला लागले. बुंदी गार होत चालली होती. मामानं डोक्यावरचा फेटा काढला, पुन्हा घातला. मग त्याला एकदम सुचलं. आयुष्यभराचा धंदा कामाला आला. "लेका, हे जाऊन-येऊनचं तिकीट धर. परतीच्या तिकिटावर त्याच गावावरनं परत आलेलं चालतंय."

जालिंदरचा चेहरा उजळला. "मग आधी सांगायचं की मामा."

आणि तो गर्रकन वळला. शालन गाठीनं बांधलेली, तिलाही वळावं लागलं. आता शालन पुढं, जालिंदर मागून ढकलतोय, असा होमाभोवती एक फेरा उलटा झाला. पाटापाशी येऊन जालिंदर बरोबर पहिल्या जागी उभा राहिला.

भटजींनी मोजणीसाठी एक बोट दुमडून धरलं होतं. त्यांनी ते हळूच सरळ केलं.

"किती झालं?" मामानं विचारलं.

"एक झाला होता. ह्यांनी तो उलटा फिरून सोडवला. आता एकही नाही."

शालननं उपरण्याची गाठ आवळली. तेवढ्यात जालिंदर खाली वाकला आणि त्यानं मामाचे पाय धरले. त्याचे डोळे भरून आले होते.

"मामा, जिथनं निघालो तिथंच येऊन पोचलो. एक तिकीट बरोबर निघालं. आता कबूल केल्यापरमाणं शालन मला द्या."